शोलकिळी: उटीला शोधायची की कोडाईकनालला?

रानवाटा
एप्रिलअखेर चार दिवस उटी, चार दिवस कोडाईकनाल असा बेत आहे. दोन्हीकडचा शोलकिळी हा पक्षी एकच का? झुडपाखालून बाहेर येत नाही म्हणतात, मग कुठे आणि किती वाजता थांबावं? महाबळेश्वरला मिळेल का?

दगडफूल
महाबळेश्वरला नाही. तिथली उंची पुरेशी आहे, पण हा पक्षी फक्त दक्षिणेतल्या शोलांचा. शोला म्हणजे उंचावरच्या गवताळ माळांमधल्या घळींत दाटलेलं, धुक्यानं ओलं राहणारं रान.

उटी आणि कोडाईचे पक्षी वेगळे, कारण मध्ये पालघाटची खिंड आहे. उत्तरेकडे, म्हणजे उटीला, निळगिरी शोलकिळी, तिच्या कुशी (पंखाखालच्या बाजू) तांबूस. दक्षिणेकडे, म्हणजे कोडाईला, पांढऱ्या पोटाची, तिच्या कुशी निळसर राखाडी. कुशीच बघा, पाठीचा गडद निळा रंग अंधारात दोन्हींचा काळाच दिसतो. नर-मादी सारखेच. जुन्या पुस्तकांत 'शॉर्टविंग' म्हणून शोधा, या पक्ष्यांची शोलिकोला ही स्वतंत्र प्रजाती (genus) २०१७ मध्ये झाली.

ओलीपायवाट
उजाडायच्या आधी शोलाच्या आत पोहोचायचं. निलगिरी आणि वॅटल (परदेशी बाभळी) यांच्या लागवडीत वेळ घालवू नका. कोडाईत बॉम्बे शोला गावाला लागूनच आहे. ओढा पायवाटेला छेदतो तिथे, झाडाला पाठ टेकून, खाली बसा. उभा माणूस दिसला की पक्षी येत नाही. सळसळणारं जॅकेट नको. पाऊण तास तरी हलायचं नाही.

नजर पाचोळ्यावर, गुडघ्याच्या वर नको. दोन-तीन उड्या, मग ताठ थांबणं, किडा टिपणं, पुन्हा उड्या. ऊन आत शिरलं की संपलं, मग संध्याकाळी.

फोटोला आयएसओ ३२०० ते ६४००, शटर १/१२५ सेकंद. पक्षी थांबतो त्या क्षणीच दाबा, नाहीतर हललेला येतो.

रानवाटा
मोबाईलवर शीळ वाजवली तर येईल का?

दगडफूल
येईल, म्हणूनच वाजवू नका. एप्रिल-मे विणीचा काळ. खोडाच्या ढोलीत नाहीतर दरडीच्या बिळात शेवाळाचं घरटं, बहुधा दोनच अंडी. हद्द राखायला पक्षी धावून येतो, तेवढा वेळ घरट्याकडे दुर्लक्ष होतं. फ्लॅशही बंद. त्या दिवसांत तो स्वतःच गातो, बारीक, चढउताराची शीळ. माणसासारखी लांबलचक शीळ आली तर तो शीळकरी कस्तुर, त्याच्यामागे जाऊ नका.