नागनदीचं पाणी आणि आजीचा फ्रीज (विषय: तातडीने इन्क्युबेटर हवा)

प्रेषक: मंजुषा

नमस्कार मंडळी,
तातडीचं आहे म्हणून थेट लिस्टवर टाकते. आमची लेक ईशा सोमवारी नागपूरला आजीकडे पोचली (चिन्मयदादा, बॅगेतल्या जागेबद्दल थँक्स). नागनदीतले बॅक्टेरिया मोजायचे असा तिचा प्रोजेक्ट आहे. अंबाझरी तलावाच्या सांडव्याखाली, पंचशील चौकाच्या पुलावर आणि पारडीला, अशा तीन जागा धरल्यात. पावसाआधी एकदा आणि मृगानंतर एकदा. सासूबाईंनी फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा करून दिलाय, पण इन्क्युबेटर (जंतू वाढवायला ठरावीक उबेत ठेवणारी पेटी) नाही. रामनगर-धरमपेठकडे कोणाच्या ओळखीत लॅब आहे का? दोन आठवडे पुरे. गेल्या वेळसारखं "शाळेला विचारा" नको, शाळा बंद आहे.

प्रेषक: विलास

इन्क्युबेटर काहून पाह्यजे? मे महिना चालू आहे नं बाई! माळ्यावर ठेव म्हणा जंतूंच्या प्लेटा, फुकटात उबतील. भाऊ काल सांगत होता, ४५ होऊन राह्यलं.

प्रेषक: देशपांडेकाका

विलासराव, तुमची थट्टा निशाण्याच्या फार जवळ गेली. मैलापाण्याचा माग काढणारी विष्ठाजन्य कोलिफॉर्मची (आतड्यातून येणाऱ्या जंतूंची) चाचणी खरोखरच ४४.५ अंशांवर करतात, २४ तास. पण त्यात फरक चालतो ०.२ अंशाचा. तुमच्या माळ्यावर दुपारी ४५ आणि पहाटे ३०. त्यासाठी लॅबमध्ये वॉटर बाथ, म्हणजे एकाच तापमानाला राखलेल्या पाण्याचं भांडं असतं.

मंजुषा, इन्क्युबेटर नंतर बघू. नमुना कसा घेणार ते आधी सांग. बाटली निर्जंतुक हवी, नदीच्या पाण्याने विसळायची नाही, वर थोडी हवा ठेवायची. लगेच बर्फात, आणि सहा तासांच्या आत लॅबला. नोकरीत असताना मी भर उन्हात स्कूटरच्या पायदानावर आइसबॉक्स घेऊन कन्हानपर्यंत गेलोय. परत येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं, साहेबांनी सगळे नमुने टाकून द्यायला लावले. तेव्हा राग आला होता.

प्रेषक: अनघा

काका, मधे बोलते, कारण यात एक मोठा खड्डा आहे. ईशाला हा प्रोजेक्ट आयसेफशी (विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्याशी) संलग्न मेळ्यात द्यायचाय ना? मग घरी कल्चर, म्हणजे जंतू वाढवणं, चालतच नाही. माळ्यावर नाही, आजीच्या फ्रीजमध्येही नाही. नदीतून काय उगवेल ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून नियम कडक आहे. नमुना गोळा करता येतो, पण तो थेट लॅबला न्यायचा. लॅबमध्ये केलं तर तिथल्या देखरेख करणाऱ्यांनी शेवटी फॉर्म १सी भरून द्यायचा. आणि मेळ्याच्या समितीची मान्यता प्रयोगाच्या आधी लागते, नंतर नाही. मी परीक्षक होते तेव्हा एका मुलाने दाराच्या कड्या पुसून प्लेटा लावल्या होत्या, आगर (जंतू वाढवायची जेली) आईने इडलीपात्रात शिजवलेलं. काम फार छान होतं. वहीतली पहिली तारीख मान्यतेच्या सहीच्या तारखेच्या नऊ दिवस आधीची निघाली आणि संपलं.

ईशाने काही सुरू तर केलं नाही ना?

प्रेषक: मंजुषा

शनिवारी पंचशीलच्या पुलावरून दोरीने बादली सोडून तीन बाटल्या भरल्या. लावलं काहीच नाही, नुसतं पाणी आहे. ते "सुरू" धरतात का? सासूबाईंना वाटत होतं गंगाजलासारखं काहीतरी आहे. कुठलं पाणी ते कळल्यावर लोणच्याच्या बरण्या बाहेर काढून फ्रीज दोनदा पुसला.

प्रेषक: अनघा

टाकून द्या, मोजणीत धरू नका. तसेही सहा तास कधीच उलटले. पण वहीत तारखेसह लिहून ठेवायला सांगा. खोडाखोड नको, पान फाडायचं नाही.

प्रेषक: शिरीष (युवा समिती)

सर्वांना नम्र स्मरण: विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टविषयी चौकशी आधी युवा समितीकडे यावी असं संक्रांतीच्या बैठकीत ठरलं आहे. शिवाय परीक्षक राहिलेल्या सभासदांनी लिस्टवर एकाच विद्यार्थ्याला मार्गदर्शन करणं कितपत योग्य, याचा विचार व्हावा.

प्रेषक: अनघा

शिरीष, समितीच्या पत्त्यावर मंजुषाच्या तीन मेल आहेत, मला कॉपी होती. मी परीक्षकपद दोन वर्षांपूर्वी सोडलं. नियम वाचून दाखवणं म्हणजे मार्गदर्शन असेल, तर संक्रांतीला तिळगूळ वाटणंही लाच म्हणावी लागेल.

प्रेषक: विलास

म्या म्हणतो ते बॅक्टेरिया राहू द्या. पोरीला कूलरचा प्रोजेक्ट द्या. वाळ्याची ताटी भारी का लाकडी भुशाची? आमच्या घरी या वादावर दोन काका वर्षभर बोलले नाहीत. फॉर्म नाही, मान्यता नाही, आन आजी खूश.

प्रेषक: देशपांडेकाका

कल्पना वाईट नाही. ओला (टोकाला ओलं फडकं गुंडाळलेला) आणि कोरडा असे दोन थर्मामीटर पुरतात. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या थर्मामीटरवर साधारण २३ दिसतं. कूलर त्याच्या खाली हवा नेऊच शकत नाही, ताटी कुठलीही लावा. ताटीने फरक पडतो तो इतकाच, की त्या २३च्या किती जवळ पोचता. मृग लागला की तो आकडा वर सरकतो आणि तोच कूलर नुसता चिकचिक करतो. तिला पावसाआधी आणि नंतर मोजायचंच आहे, तर इथेही जमेल.

पण मुलीचं मन नदीत आहे ना? मग ते मोडू नका.

प्रेषक: नीलिमा

काका, वाळ्याचा वास येतो त्याचे मार्क कोण देणार?

प्रेषक: अनघा

नदीच हवी असेल तर वाट आहे. कोलिफॉर्मची रंग बदलणारी सीलबंद किट मिळतात. ती चालतात, फक्त धोक्याचा फॉर्म, म्हणजे फॉर्म ३, भरायचा. बाटली उघडायची नाही आणि शेवटी नीट विल्हेवाट लावायची. आपल्याकडची पाणी तपासायची एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइडची) काळी पडणारी बाटली मात्र तशीच चालेल हे गृहीत धरू नका. मेळ्याच्या समितीला विचारा.

प्रेषक: देशपांडेकाका

बरोबर. एचटूएसवाली काळी पडते ते हायड्रोजन सल्फाइड करणाऱ्या जंतूंमुळे, कोलिफॉर्ममुळे असं थेट म्हणता येत नाही. परीक्षक नेमकं तिथेच पकडतात. रंगाच्या किटनेही "आहे की नाही" एवढंच कळतं. तेव्हा एकाच नमुन्याला दहापट, शंभरपट, हजारपट विरळ करून प्रत्येकी पाच बाटल्या लावायच्या. किती बाटल्यांचा रंग बदलला त्यावरून तक्त्यातून अंदाजे संख्या निघते. नागनदीच्या पाण्याला हजारपटही कमी पडेल असं मला वाटतं.

सोबत विरघळलेला ऑक्सिजन मोजायला सांगा, विंकलर पद्धतीने, म्हणजे नमुन्यात रसायनं पुलावरच घालून. ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमपर्यंत असतो. पारडीला काय येतं ते मला जरूर कळवा.

प्रेषक: मंजुषा

ठरलं. ईशा आज अर्ज पाठवते आहे, मान्यता येईपर्यंत पुलावर जायचं नाही असं फोनवर तिने तीनदा कबूल केलंय. तोवर आजीच्या कूलरवर दोन थर्मामीटर लावते म्हणते (विलासभाऊ, तुमचा विजय). सासूबाईंना फ्रीज परत मिळाला. काका, तुमचा तो आइसबॉक्स अजून नागपुरात आहे का?

प्रेषक: देशपांडेकाका

खामल्याच्या घरी, जिन्याखाली. किल्ली शेजारच्या वहिनींकडे. झाकणाची बिजागरी तुटली आहे, सुतळीने बांधायला लागेल. बर्फ उसाच्या रसवाल्याकडचा चालेल, बाटलीला बाहेरूनच लागतो.

प्रेषक: विलास

वाळ्याच्या ताटीवर पाणी रातभर चालू ठेवायचं का बंद, ते कोणी सांगलं नाही अजून.