मदत हवी आहे: शाळेतल्या बोलींच्या भिंतीसाठी कोकणा आणि भिली या आदिवासी बोली जाणणारे (नाशिक)

नमस्कार मंडळी. २१ फेब्रुवारीच्या मातृभाषा दिनापासून २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत आमच्या शाळेत बोलींची भिंत लावतोय. कुसुमाग्रजांच्या गावात हा आठवडा नुसत्या भाषणांवर जाऊ नये, एवढीच इच्छा.

आखणी अशी: प्रत्येक बोलीला एक कार्डशीट, त्यावर तीच १० वाक्यं (जेवलास का, पाणी दे, कुठे चाललास वगैरे), शेजारी क्यूआर कोड आणि आजी-आजोबांच्या आवाजातलं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग. फाइल गूगल ड्राइव्हवर टाकली की परवानगी 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी करावीच लागते, नाहीतर कोड स्कॅन होतो पण आवाज उघडत नाही.

'तुझी मातृभाषा कोणती?' असा फॉर्म वर्गात वाटू नका. मुलं शेजारच्याचं बघून 'मराठी' लिहितात, सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडची तर हमखास. 'घरी आजीशी कसं बोलता?' हे एकेकट्याला विचारलं की खरं कळतं.

अहिराणी, हिंदी, गुजराती झाली. उर्दू हातानेच लिहून घेतोय, कारण छपाईत फॉन्ट बदलला की नस्तालिकचं (उर्दू लिहायच्या तिरप्या शैलीचं) वळण जातं. अडलंय ते इथे:

१. कोकणा आणि भिलीची वाक्यं कोणी तपासून देईल का? गावागणिक फरक पडतो, म्हणून तालुकाही सांगा.
२. देवनागरीत न बसणारे उच्चार तुम्ही कसे दाखवता?
३. पहिली-दुसरीच्या वर्गात रेकॉर्डिंग ऐकवताना हशा पिकतो आणि ज्याच्या घरची ती बोली ते मूल गप्प होतं. आधी काय करून घ्यावं?