आईच्या मूत्रपिंडाचा आजार आणि चार डॉक्टर: सगळे एकत्र कोण पाहणार?

प्रश्न (बार्शी)
माझी आई ६७ वर्षांची असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह व रक्तदाब आहे. दोन वर्षांत तिचा ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात याचा आकडा; कमी होणे वाईट) ४१ वरून २८ वर आला. साखरेसाठी बार्शी, हृदयासाठी सोलापूर आणि मूत्रपिंडासाठी पुणे अशा तीन ठिकाणी आम्ही दाखवतो. गेल्या महिन्यात गुडघेदुखीसाठी चौथ्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक लिहून दिले आणि दहा दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडले की रक्तात वाढणारा घटक) १.९ वरून २.६ झाले. प्रत्येक जण आपापल्या परीने योग्य उपचार करतो, पण सगळे मिळून कोणीच पाहत नाही. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर (निवृत्त परिचारिका, डायलिसिस विभाग)
ताई, ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर सूत्रे मूत्रपिंडतज्ज्ञांकडेच असावीत. नेहमीची तपासणी बार्शीत होऊ शकते, मात्र कोणती औषधे टाळायची, कोणत्या औषधांची मात्रा कमी करायची आणि पोटॅशियम किती झाल्यावर कळवायचे, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. विशेषतः मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर लगेच विचारा, कारण ३० च्या खाली ते सहसा बंद करतात.

फाइलच्या पहिल्या पानावर तारीखवार क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवीतील अल्ब्युमिन, वजन व रक्तदाब लिहा. दुसऱ्या पानावर सर्व औषधे आणि ती कोणी दिली ते लिहा. वर लाल शाईने ‘मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामक देण्यापूर्वी विचारावे’ असे लिहिलेले असले, तर घाईच्या ओपीडीतही नजर तिथे जाते. बाजारातील ‘कमी सोडियमचे’ मीठही आणू नका, त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि ते या आजारात रक्तात साठू शकते.

आणखी एक गोष्ट आजपासूनच पाळा. आई उजवा हात वापरत असतील, तर डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका आणि त्या हाताला सलाईनही लावू देऊ नका. पुढे डायलिसिससाठी फिस्टुला (हातातील शीर धमनीला जोडण्याची शस्त्रक्रिया) करावा लागला तर त्याच शिरा लागतात, आणि तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे जातात. हिपॅटायटिस बी लसीबद्दलही आताच विचारा.

उत्तर (सातारा)
वरील फिस्टुलाच्या मुद्द्याला माझा दुजोरा आहे. माझ्या वडिलांचा फिस्टुला वेळेत झाला नाही. मध्यरात्री दम लागला आणि मानेतून नळी घालून पहिले डायलिसिस करावे लागले. ते हाल टाळता आले असते. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आताच करून रेशनकार्ड व आधारवरील नावे जुळतात का ते पाहा. २०१६ पासूनच्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा मोफत मिळते.

प्रश्नकर्ती
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सगळ्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर पसरून दुसरे पान लिहायला घेतले, तेव्हा मेटफॉर्मिन दोन चिठ्ठ्यांत दोन वेगळ्या नावांनी सापडले. आई दोन्ही गोळ्या घेत होती. आज सकाळी पुण्याला फोन करून दोन्ही बंद करण्याचा सल्ला घेतला आहे. शुक्रवारी ही पाने घेऊन भेटीला जात आहोत.