तेफिलीन: आत काय असतं, कसं बनतं आणि कशामुळे बाद होतं?

रेवदंडा_किनारा (प्रश्न)

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या उपासनेवर मराठीत टिपण तयार करायचं आहे, त्यात तेफिलीनपाशी, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी एक दंडावर आणि एक डोक्यावर वादीनं बांधतात त्या दोन कातडी डब्यांपाशी, अडलो आहे. मराठी बायबलात मत्तयच्या 23व्या अध्यायात त्याला 'मंत्रपत्रे' म्हटलं आहे. तो शब्द वाचला की डोळ्यांपुढे ताईत येतो. तेव्हा जाणकारांना विचारतो: ताईत म्हटलं तर चुकेल का? डबीत नेमकं काय आणि किती लिहिलेलं असतं? आणि बाहेरून धडधाकट दिसणारं तेफिलीन 'पासूल', म्हणजे बाद, ठरतं ते कशामुळे? शक्य तितक्या तपशिलात सांगा.

बोरू_आणि_शाई

ताईत म्हणू नका. ताईत अंगावर असला की आपलं रक्षण होतं अशी समजूत असते, म्हणून तो कोणी सहसा उतरवत नाही. तेफिलीन म्हणजे आज्ञेचं पालन. सकाळच्या प्रार्थनेला बांधायचं आणि प्रार्थना झाली की उतरवायचं. शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) आणि तोरात (मोशेच्या पाच ग्रंथांत) सांगितलेल्या सणांना तर ते बांधतच नाहीत. तेफिलीन ही खूण आहे आणि ते दिवस स्वतःच खूण आहेत, त्या दिवशी दुसऱ्या खुणेची गरज नाही, असं त्याचं कारण देतात. सर्वात पवित्र दिवशीच काढून ठेवायची वस्तू ताईत कशी असेल?

आत चार उतारे असतात: निर्गम 13:1-10, निर्गम 13:11-16, अनुवाद 6:4-9 (हीच 'शेमा' ही ज्यूंची मुख्य प्रार्थना) आणि अनुवाद 11:13-21. हातावर खूण म्हणून बांध, डोळ्यांच्या मधोमध असू दे, ही आज्ञा या चारही ठिकाणी येते. म्हणजे जी आज्ञा पाळायची तीच आत लिहिलेली असते. हाताच्या डबीत चारही उतारे एकाच चर्मपत्रावर, चार स्तंभांत, प्रत्येकी 7 ओळींत असतात. डोक्याच्या डबीत चार वेगळी चर्मपत्रं चार वेगळ्या कप्प्यांत असतात आणि प्रत्येकावर 4 ओळी. दोन्ही डब्यांत मिळून 3188 अक्षरं, एकेकीत 1594. त्यातलं एक अक्षर कमी पडलं तरी ती डबी बाद.

लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. चर्मपत्र कोशेर, म्हणजे धर्मनियमानं चालणाऱ्या, प्राण्याच्या कातड्याचं, आणि ते कमावतानाच 'हे तेफिलीनच्या पावित्र्यासाठी' असं म्हणावं लागतं. बिनरेघी चर्मपत्र चालत नाही, आधी टोकदार आरीनं रेघा ओढून घेतात, शाईनं नव्हे. शाई काळीच हवी. मायफळ, डिंक आणि हिराकस हा तिचा जुना मेळ. लेखणी अश्कनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) परंपरेत बहुतेक पिसाची, सेफार्दी (मूळच्या स्पेनच्या आणि पूर्वेकडच्या ज्यूंच्या) परंपरेत बोरूची. देवाचं नाव प्रत्येक डबीत 21 वेळा येतं, आणि दर वेळी ते लिहिण्याआधी सोफेर त्या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो असं मोठ्यानं म्हणतो. हे म्हणायचं राहिलं तर अक्षर कितीही सुबक असो, ते बाद. आणि नुसतं पाहून ही चूक कुणालाही ओळखता येत नाही. म्हणून खरेदी करताना आधी सोफेर किती विश्वासाचा आहे हे बघतात, अक्षराची सुबकता नंतर.

सगळ्यात कडक नियम क्रमाचा. तोरा-गुंडाळीत सुटलेलं अक्षर नंतर भरता येतं, तेफिलीनमध्ये नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत क्रमानंच लिहायचं. तिसऱ्या ओळीत 'वाव' हे एक इब्री अक्षर राहिलं आणि सातव्या ओळीत लक्षात आलं, तर त्या 'वाव'पुढचं सगळं खरवडून पुन्हा लिहायला हवं. पण त्या भागात देवाचं नाव आलेलं असेल तर ते खरवडायलाच मनाई. मग ते चर्मपत्र कायमचं गेलं. ते फेकत नाहीत, गेनिझात, म्हणजे जीर्ण पवित्र लिखाण ठेवायच्या जागी जातं.

दुसरा नियम: अक्षर लिहून घडलं पाहिजे, खरवडून नाही. 'दालेत' लिहायला गेलं आणि कोपरा गोल होऊन 'रेश' झालं, तर आतून खरवडून कोपरा टोकदार करता येत नाही. मात्र दोन सुघड अक्षरं एकमेकांना केसाएवढी चिकटली असतील, तर तेवढी जोडणी खरवडून ती सुटी करता येतात, कारण अक्षराचा आकार आधीच पुरा झालेला आहे. प्रत्येक अक्षराभोवती कोरं चर्मपत्र दिसलंच पाहिजे.

चौकोन_काटकोन

वर लिखाणाचं छान आलं आहे, मी डबीचं सांगतो.

डबी आणि तिची बैठक दोन्ही चौरस हव्यात, बैठकीची शिलाईसुद्धा चौरसात हवी. उंची मात्र लांबी-रुंदीएवढी असण्याची सक्ती नाही. चौरसपणा आणि काळा रंग हे दोन्ही 'सिनाय पर्वतावर मोशेला मिळालेले नियम' मानले जातात, म्हणून त्यात सूट नाही.

उत्तम समजली जाते ती गासोत, म्हणजे जाड गाय-बैलाच्या कातड्याच्या एकाच तुकड्यातून घडवलेली. ओलं कातडं साच्यावर ओढून, दाबयंत्रात दाबून, वाळवून, पुन्हा दाबून आकार देतात, आणि यात काही महिने जातात. डोक्याच्या डबीत एकाच कातड्यातून चार बोटांसारखे चार कप्पे ओढून काढतात आणि मग एकमेकांना भिडवून घन बनवतात. दोन्ही बाजूंना 'शिन' अक्षर असतं: बांधणाऱ्याच्या उजवीकडे तीन दांड्यांचं, डावीकडे चार दांड्यांचं. दाक्कोत ही बकरीच्या पातळ कातड्याची असते. स्वस्त आणि हलकी, पण कोपरे लवकर बसतात आणि नंतर दुरुस्तीला वाव कमी. पेशुतिम म्हणजे सुटे तुकडे चिकटवून केलेली. किंमत फारच कमी सांगितली तर बहुधा हीच असते, विचारून घ्यावं.

चर्मपत्राची गुंडाळी चर्मपत्राच्याच पट्टीनं आणि वासराच्या शेपटीच्या धुतलेल्या केसानं बांधतात. डोक्याच्या डबीत त्या केसाचं टोक बाहेर डोकावतं, तो मळ किंवा तुटका दोरा समजून कापू नये. मग बैठक कोशेर प्राण्याच्या कंडरांपासून वळलेल्या दोऱ्यानं 12 टाक्यांत शिवतात. साधा सुती किंवा नायलॉनचा दोरा चालत नाही.

बैठकीच्या मागच्या घडीतून वादी ओवतात. वादी वरच्या बाजूनं काळी, रुंदी जवाच्या दाण्याएवढी, व्यवहारात साधारण 1 सेंटीमीटर. डोक्याच्या वादीची गाठ 'दालेत'च्या आकाराची (काही परंपरांत चौकोनी), हाताची 'योद'च्या. शिन, दालेत, योद मिळून देवाचं 'शद्दाय' हे नाव होतं.

सगळ्यात आधी बिघडते ती वादी. गाठीशी आणि डबीतून निघते तिथे घासून काळा थर उडतो आणि आतलं करडं कातडं दिसू लागतं. काळा रंग लावताना तो तेफिलीनसाठीचा, कोशेर शाईचा असावा आणि 'तेफिलीनच्या पावित्र्यासाठी' असं म्हणून लावावा. बूटपॉलिश किंवा मार्कर नको.

रेवदंडा_किनारा

'मंत्रपत्रे'ला टीप देणं भाग आहे हे पटलं. आता बांधण्याचा क्रम सांगाल का? शिवाय दोन शंका: 'राशी' आणि 'रब्बेनू ताम' अशा दोन जोड्या का असतात? आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे कातडं टिकतं कसं?

बोरू_आणि_शाई

पहिल्या शंकेचं थोडक्यात. वाद चर्मपत्रांच्या क्रमाचा आहे. राशी हे मध्ययुगीन फ्रान्समधले भाष्यकार म्हणतात, तोरात जो क्रम आहे तोच: वर दिलेले चार उतारे त्याच ओळीत. त्यांचे नातू रब्बेनू ताम शेवटच्या दोघांची अदलाबदल करतात, म्हणजे शेमा सर्वात शेवटी. सर्वत्र राशींचा क्रम चालतो. काही हसिदी (एका ज्यू भक्तिपंथाचे) आणि सेफार्दी लोक नंतर दुसरी जोडीही बांधतात, दोन्ही मतं पाळली जावीत म्हणून. डबी बाहेरून सारखीच दिसते, तेव्हा पिशवीवर खूण असावी.

दंडावर_सात_वेढे

बेने इस्राएल सेफार्दी परंपरेनं प्रार्थना करतात, तेव्हा आधी त्या रीतीनं लिहितो.

हाताचं आधी. उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं डाव्या दंडावर, बेटकुळीच्या फुगवट्यावर बांधायचं, डबी थोडी आत, हृदयाच्या बाजूला झुकलेली. डावखुऱ्यानं उजव्या दंडावर. त्याची 'योद'ची गाठ उलट बाजूला लागते, म्हणून तेफिलीन घेतानाच डावखुऱ्याचं मागावं. कातडी आणि डबी यांच्यामध्ये काही नको: बाही वर सरकवा, घड्याळ काढा. आधी आशीर्वाद म्हणायचा आणि वादी आवळायची, मग कोपराखाली सात वेढे. सेफार्दी आणि हसिदी बाहेरच्या दिशेनं वेढे देतात, बहुतेक अश्कनाझी शरीराच्या दिशेनं. उरलेली वादी तात्पुरती तळहातावर गुंडाळून ठेवतात.

मग डोक्याचं. सेफार्दी एकच आशीर्वाद म्हणतात, तो हातावर होऊन गेलेला असतो. अश्कनाझी डोक्यावर दुसरा म्हणतात. दोन्हींच्या मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. सेफार्दी माणूस बोलला तर त्यालाही डोक्यावर वेगळा आशीर्वाद म्हणावा लागतो.

सर्वात जास्त चूक इथे होते. 'डोळ्यांच्या मधोमध' याचा अर्थ शब्दशः कपाळ असा घेतात आणि डबी भुवयांकडे उतरते. अर्थ असा, की डबी डोळ्यांच्या मधल्या सरळ रेषेत, पण केसांच्या मुळांच्या वर, जिथे तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते त्या भागात. डबीची पुढची कडसुद्धा केसांच्या रेषेखाली येता कामा नये, आणि टक्कल असेल तर केस पूर्वी जिथून सुरू व्हायचे ती रेषा धरायची. गाठ मागे मानेच्या खळग्याच्या वर, मध्यभागी. डबी घसरत असेल तर वादीचा घेर सैल आहे. डबी दाबून बसवू नका, गाठीतून घेर कमी करून घ्या. वादीची दोन टोकं पुढे छातीवर सोडतात, काळी बाजू बाहेर.

शेवटी हाताची वादी तळहातावरून सोडून मधल्या बोटाला तीन वेढे. त्या वेळी होशेयचं वचन (2:21-22, इब्री क्रमांकानं) म्हणतात, 'मी तुला सदासर्वकाळासाठी माझी वाग्दत्ता करीन' या अर्थाचं. काढताना उलट: आधी बोटाचे वेढे, मग डोक्याचं, मग हाताचं. पिशवीत हाताचं अशा जागी ठेवा की उद्या तेच आधी हाती लागेल.

चौकोन_काटकोन

पावसाळ्याबद्दल. दमट हवेत दोन गोष्टी होतात. कातडं ओल धरून फुगतं, कप्पे एकमेकांपासून सुटायला लागतात आणि कडा गोल होतात. आत चर्मपत्र आक्रसतं-सैलावतं तशी शाईला तडे जातात, आणि एक पापुद्रा उडाला की अक्षर तुटतं. म्हणून अलिबाग-पनवेलच्या हवेत कडक डबा वापरावा, वर मखमली पिशवी. त्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती ओली झाली की बदलावी. केस ओले असताना डोक्याचं बांधू नये, ओल बैठकीत जाते. भिजलंच तर उन्हात किंवा पंख्याच्या झोतात वाळवू नका, उन्हात डबी तिरपी होते. पुसून सावलीत ठेवा आणि उघडून तपासायला सोफेरकडे द्या. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवण्याचा परिणामही उन्हासारखाच.

तपासणीचा नियम शुल्हान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या संहितेत आहे: रोज वापरात असलेलं तेफिलीन योग्यच धरतात, क्वचित वापरात असेल तर सात वर्षांत दोनदा तपासायचं. दमट किनाऱ्यावर रोजच्या वापरातलंही अधूनमधून उघडून पाहावं असं मला वाटतं. हल्ली चर्मपत्र स्कॅन करून संगणकावर तपासतात. सुटलेलं किंवा दुबार पडलेलं अक्षर संगणक चटकन पकडतो. पण 'योद'चा डावीकडचा बारीक काटा आहे की नाही, अक्षर खरवडून घडवलं का, याला सोफेरचा डोळाच लागतो. दोन्ही करून घ्या, आणि शिलाई उसवण्याआधी डबीचा चौरसही मोजून घ्या. तो गेलेला असेल तर डबी दुरुस्तीला द्यायची आणि त्याच वेळी आतली चर्मपत्रं तपासून घ्यायची, म्हणजे दोनदा उसवावं लागत नाही.