मदत हवी आहे: विहार तलावावर शाळेची मुलं नेता येतील का?

रानजाई
नववीच्या ३५ मुलांना मुंबईचं पाणी कुठून येतं ते प्रत्यक्ष दाखवायचं आहे. विहार आणि तुळशी शहरातच आहेत, म्हणून आधी तेच डोक्यात आले. परवानगी कोण देतं? काठापर्यंत जाऊ देतात का? ऑगस्टमध्ये न्यायचा विचार आहे.

पाणवठा
तिकीट काढलं की आत, असा मामला नाही. तलाव महापालिकेच्या जल अभियंता खात्याकडे, भोवतालचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं. म्हणून अर्जही दोन. एकच पत्र घेऊन बस नेलीत तर फाटकावरून परत फिरायची तयारी ठेवा.

वनविभागाच्या अर्जात नुसतं 'सहल' लिहू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ मध्ये प्रवेशाची कारणं दिली आहेत. त्यातलं अभ्यास किंवा पर्यटन, जे बसेल ते लिहा. शाळेच्या लेटरहेडवर तारीख, वेळ, मुलांची संख्या, सोबतचे शिक्षक, बसचा नंबर आणि काय बघणार, सगळं एका पानात. निदान महिनाभर आधी द्या.

परवानगी मिळाली तरी पाण्यात पाय बुडवणं, हात धुणं, गळ टाकणं बंद. विहार १८६० पासून शहराला पाणी देतोय, आजही रोज साधारण ९ कोटी लिटर. शिवाय तिथे मगरी आहेत. ऑगस्टमध्ये तलाव भरून वाहत असला तर सांडव्याखाली कुणालाही उभं करू नका, ते पाणी थेट मिठी नदीत उतरतं. तुळशी (१८७९) भरला की त्याचं जादा पाणी विहारात येतं. हा उतार वर्गात नकाशावर आधी दाखवलात तर तिथे गेल्यावर कमी बोलावं लागेल.

रानजाई
दोन्ही पत्रं वेळेत नाही आली तर? पवई चालेल?

गाळपेर
पवईला काठावर सहज जाता येतं. पण तो १८९१ चा तलाव पिण्यासाठी बाद ठरला, पाणी उद्योगधंद्यांना जातं. मुलांना 'हे आपण पितो' असं सांगू नका. मगरी तिथेही आहेत, तेव्हा काठाच्या गवतात नको. सायकल ट्रॅकच्या बातम्या वाचून तो शोधत बसू नका, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला.

माझ्या मते त्यापेक्षा कान्हेरी बरी. लेण्यांच्या बाजूला खडकात खोदलेल्या पोढ्या (पाण्याची टाकी) आहेत आणि पावसाचं पाणी त्यांत आणणारे पन्हाळही. ऑगस्टमध्ये ते वाहताना दिसतात. तिकिटं दोन: उद्यानाचं बोरिवलीच्या फाटकावर, लेण्यांचं वर पुरातत्त्व खात्याचं. सोमवारी बंद. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चपला चालणार नाहीत.

पाणवठा
कान्हेरीला +१. एक मात्र मुलांना सांगा: विहार आणि तुळशी मिळून सात तलावांच्या साठ्यात जेमतेम अडीच टक्के. बाकीचं सगळं भातसा, वैतरणा, तानसाकडून येतं.