शब्दचर्चा: परमिशनला 'परवानगी', 'मुभा' की 'हक्क'? (सामायिक स्पॅम डेटाबेसच्या फायलींसाठी)

जळगाव
नमस्कार मंडळी, एका संस्थेच्या मेल सर्व्हरचं काम बघतो, लिनक्स आहे, त्यावर स्पॅमअ‍ॅसॅसिन, म्हणजे स्पॅम ओळखणारा प्रोग्रॅम, आणि त्याचा बेझचा (शिकवलेल्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचा) डेटाबेस आता सगळ्यांचा मिळून एकच ठेवायचं ठरलंय. वेगवेगळा ठेवला की तो शिकतच नाही ना, कारण निदान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल शिकवल्याशिवाय बेझ गुण द्यायलाच सुरुवात करत नाही, अन् ऑफिसातल्या एकट्या माणसाला एवढं निवडत बसायला वेळ कुठून असणार. शिवाय रावेर-सावद्याकडून केळीची भावपत्रकं येतात, ती एकाने 'चांगली' म्हणून शिकवली तर सगळ्यांनाच फायदा.

तर ऑपरेटर लोकांसाठी मराठीत सूचना लिहून राहिलोय आणि शब्दांवर गाडी अडलीय. 'फाईलची परवानगी' लिहिलं तर एका ताईंनी विचारलं की मग ती मागायची कोणाकडे, अर्ज करायचा का. त्यांचा प्रश्न एकदम रास्त आहे. परमिशन, ओनर, ग्रुप, अदर्स, शेअर्ड, आणि फोल्डरवरचं ते एक्झिक्यूट, यांना तुम्ही काय म्हणता?

धुळे
भाऊ, ताईंचं बरोबर आहे. परवानगी मागायची असते, कोणीतरी द्यायची असते आणि बहुतेक वेळा ती त्या कामापुरती असते. फाईलवर जे ७७० नाहीतर ६६० लिहिलेलं असतं ते आधीच ठरलेलं असतं, सिस्टीम नुसतं बघते की हा कोण आणि याला काय चालतं. म्हणून मी 'मुभा' म्हणतो. वाचायची मुभा ४, लिहायची २, चालवायची १, बेरीज करा की झाला आकडा, पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकीच्यांचा. 'हक्क' नका लिहू, हक्क म्हटलं की तो कोणी काढून घेऊ शकत नाही असं वाटतं आणि इथे तर मालक किंवा रूट (सर्व्हरचं सर्वाधिकारी खातं) कधीही बदलू शकतो. घरात आम्ही अहिराणीतच बोलतो, तिथे सरळ विचारतो, फाईल कोनी शे, म्हणजे कोणाची आहे? तेव्हा ओनरला 'मालक' पक्कं. ग्रुपला मात्र ग्रुपच राहू द्या, 'गट' म्हटलं की आपल्याकडे बचत गट नाहीतर राजकारणातला गट आठवतो. अदर्स म्हणजे 'बाकीचे'.

अमळनेर
मला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'शेअर्ड' वाटतो आणि तिथेच लोक घोळ करतात. एकतर 'सामयिक' टाइप करतात, त्याचा अर्थ वेळेशी संबंधित, पाहिजे तो शब्द 'सामायिक', बोलताना सामाईक. खरेदीखतात 'सामाईक विहीर' लिहिलेलं असतं तेव्हा ती कोणाकोणाची हे नावानिशी ठरलेलं असतं, वाटेने जाणाऱ्या कोणीही तिथे मोटर लावायची असा त्याचा अर्थ नसतो. ज्यात कोणीही यावं ते सार्वजनिक. डेटाबेस सामायिक करायचाय आणि माणूस देतो ७७७, म्हणजे करून ठेवतो सार्वजनिक! सर्व्हरवरचा कोणताही प्रोग्रॅम, उद्या एखादी फुटलेली वेबसाइटसुद्धा, मग बेझच्या फायलीत काहीही लिहू शकते, फाईलच उडवू शकते. सूचनेत दोन्ही शब्द शेजारी शेजारी टाका. सामायिक म्हणजे ७७०, सार्वजनिक म्हणजे ७७७, आपल्याला पहिलं पाहिजे, एवढं वाचलं तरी माणूस हात आवरता घेईल.

नंदुरबार
दादा, फोल्डरचं मी सांगतो, कारण बाजारातल्या मराठी पुस्तिकांमध्ये तिथेच भलतं लिहिलेलं असतं. 'फोल्डर कार्यान्वित करणे' म्हणजे काय करणे? फोल्डर कोणी चालवत नाही. फोल्डरवरचा एक्स (एक्झिक्यूट) म्हणजे 'आत शिरायची मुभा', आर (रीड) म्हणजे आतली नावं बघायची मुभा, आणि डब्ल्यू (राइट) म्हणजे आत नवीन फाईल टाकायची, असलेली काढायची, नाव बदलायची मुभा. हे तिसरं नीट लिहा कारण बेझचं सगळं दुखणं त्यातच आहे. लोक नुसती फाईल ६६० करतात आणि म्हणतात झालं, पण स्पॅमअ‍ॅसॅसिन त्याच फोल्डरमध्ये लॉकची फाईल (एका वेळी एकानेच लिहावं म्हणून) बनवतं, जर्नल (तात्पुरत्या नोंदी) लिहितं, आणि शब्दांचा साठा वाढला (मुळात मर्यादा दीड लाखाची असते) की जुने टोकन (साठवलेले शब्द) गाळताना टोक्सची, म्हणजे त्या टोकनांची, फाईल नव्याने लिहून जुनीच्या जागी ठेवतं. म्हणजे आज तुम्ही जिच्यावर चमॉड (मुभा बदलायची कमांड) मारलं ती फाईल उद्या असेलच असं नाही! नवीन फाईलचा मालक कोण, तर त्या वेळी ज्याच्या नावाने प्रोग्रॅम चालला तो. रूटने एसए-लर्न (मेल शिकवायची कमांड) चालवलं तर फाईल रूटची, मग स्पॅमडी (आलेली मेल सतत तपासणारा त्याचाच प्रोग्रॅम) लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' ओरडत बसतो. आणि मेल अडत नाही बरं का, ती येतच राहते, फक्त हेडरमध्ये बेझ_९९ सारखी बेझने दिलेली खूण दिसेनाशी होते, म्हणून लवकर कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर इलाज म्हणजे फोल्डर २७७०. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी, त्याने आत बनलेल्या प्रत्येक नव्या फाईलचा ग्रुप फोल्डरचाच राहतो, बनवणारा कोणीही असो. मी मराठीत त्याला 'ग्रुप वारशाने' म्हणतो, कोणाला पटेल कोणाला नाही. आणि कॉन्फिगमध्ये बेझ_फाईल_मोड ०७७० ठेवायचा, तिथे ०६६० लिहायचा मोह होतो पण नका लिहू, तोच आकडा फोल्डर बनवायलाही वापरला जातो म्हणून एक्सचा बिट लागतो, फायलींवरून तो आपोआप गळतो आणि त्या ६६० च होतात. मुळातला आकडा ०७०० असतो, म्हणजे फक्त मालकापुरता, ते बदलल्याशिवाय सामायिक काही होत नाही.

साक्री
सगळ्यांचं वाचलं, फक्त एक विचारतो, माणसांना लिहायची मुभा द्यायचीच कशाला? आमच्या पांझरेवर फड पद्धत आहे, बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांचं पण चारीला पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतकरी स्वतः जाऊन दार उघडत नाही. तसंच एक वेगळं खातं करा, डेटाबेसचं फोल्डर त्याच्याच मालकीचं, स्पॅमडी त्याच खात्याने चालवा आणि एसए-लर्नसुद्धा त्याच खात्याच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवायची सोय). लोकांनी फक्त खराब मेल 'स्पॅम' फोल्डरमध्ये आणि चुकून अडकलेली 'चांगली' फोल्डरमध्ये हलवायची. मग तुम्हाला सांभाळायची मुभा एकच राहते, त्या खात्याला ही दोन मेल फोल्डर वाचता आली पाहिजेत. ऑपरेटर ताईंना चमॉड शिकवायचं काम नाही.

जळगाव
साक्रीवाले दादा, हे तर फार कामाचं सांगितलं, असंच करतो. म्हणजे सूचनेचे दोन भाग होतील, ऑपरेटरला मेल कुठे हलवायची एवढंच आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला बाकीचं. 'मुभा', 'मालक', 'ग्रुप', 'बाकीचे', 'सामायिक' नक्की केलं, फोल्डरसाठी 'बघायची, टाकायची-काढायची, आत शिरायची'. 'ग्रुप वारशाने' पण घेतो, छान समजतं. आता 'हॅम'ला, म्हणजे स्पॅम नसलेल्या मेलला, काय लिहू? 'वैध मेल' सुचवलंय एकाने.

अमळनेर
वैध नको, कायद्याचं काहीतरी वाटतं. तुम्हीच वर 'चांगल्या मेल' लिहिलंय की, तेच ठेवा.

धुळे
चांगली मेलला माझंही मत. आणि सूचनेत हे टाका, बेझ_पाथमध्ये (डेटाबेस कुठे ठेवायचा ते सांगणारी कॉन्फिगची ओळ) शेवटचा तुकडा फोल्डरचं नाव नसतो, फायलींच्या नावाची सुरुवात असते. फोल्डरही बेझ आणि फायलीही बेझ असतील तर तो शब्द दोनदा येणार, लोक एकदाच लिहितात आणि मग फायली त्या फोल्डरमध्ये न बनता भलतीकडेच बनतात, जिथे तुमचं २७७० लागूच नसतं. अजून एक, कोणाला ग्रुपमध्ये नव्याने घातलं तर त्याला एकदा लॉगआउट होऊन परत यायला सांगा, आणि स्पॅमडीच्या खात्याला घातलं असेल तर स्पॅमडी रीस्टार्ट करा, चालू असलेल्या प्रोग्रॅमला नवा ग्रुप आपोआप मिळत नाही.