जुन्या डेटाबेसला पॉवर बीआय थेट जोडावं का?

रबाळे_नाका

ऐरोली ते तुर्भे पट्ट्यात आणि तिकडे वागळे इस्टेटमध्ये अजून कितीतरी कारखान्यांची बिलं व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक, जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर निघतात. मागे एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ हा डेटाबेस. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट ९ जुलै २०१९ ला थांबवला, पण गाडं चालतंय म्हणून कुणी हात लावत नाही. मालकाने आकडे मागितले की अकाउंट्सचा माणूस एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट काढतो, पिव्होट लावतो, मेल करतो. उद्या परत तेच.

माझं मत स्पष्ट आहे: पॉवर बीआयसारखं रिपोर्टिंग सॉफ्टवेअर सरळ डेटाबेसला जोडा. हातोहात फिरणाऱ्या फायलीत आकडा नेमका कुठे बिघडला ते सापडत नाही, थेट जोडणीत तो मूळ जागेवरून येतो. फक्त शिस्त हवी. 'एसए'चा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिनचा, पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. वेगळं लॉगिन, वेगळी स्कीमा (डेटाबेसमधला कप्पा), तिच्यात फक्त व्ह्यू (टेबलांवर लिहून ठेवलेल्या क्वेऱ्या), आणि सिलेक्टची, म्हणजे वाचायची, परवानगी त्या एका स्कीमापुरती. स्कीमाचा मालक डीबीओच (मूळ टेबलांचा मालक) ठेवला की खालच्या टेबलांवर वेगळी परवानगी द्यावी लागत नाही. 'डीबी डेटारीडर' हा सगळी टेबलं वाचू देणारा रोलसुद्धा नको, त्यात पगाराचं टेबलही उघडं पडतं.

विरोध असेल तर कारणासकट मांडा.

लॉक_किल्ली

माझा विरोध आहे. परवानगी काढून लिहिणं थांबतं, वाचणाऱ्याचं लॉक थांबत नाही. 'रीड कमिटेड' या नेहमीच्या पातळीवर वाचतानाही शेअर्ड लॉक लागतं (ते असेपर्यंत दुसऱ्याला तिथे लिहिता येत नाही), आणि तीन वर्षांची विक्री एका दमात वाचायला घेतली तर सर्व्हर ते अख्ख्या टेबलावरही टाकू शकतो. तेवढ्यात बिलिंगवाल्याने सेव्ह दाबलं तर त्याचं अपडेट रांगेत. व्हीबी ६ मधून डेटाबेसशी बोलायला एडीओ ही लायब्ररी वापरली असेल आणि कमांड टाइमआउट बदलला नसेल, तर ३० सेकंदांनी 'टाइमआउट एक्स्पायर्ड'. जुन्या कोडमध्ये बऱ्याचदा ट्रान्झॅक्शन (सगळं सेव्ह होईल किंवा काहीच नाही, अशी बांधणी) लावलेलं नसतं. मग बिलाचं हेडर जातं, खालच्या ओळी राहतात, आणि तो घोळ दिसतो थेट जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरताना.

यावर उपाय म्हणून क्वेरीत सर्रास 'नोलॉक' (लॉक न लावता वाच) ठोकतात. तो उपाय नव्हे. नोलॉकमध्ये कमिट न झालेल्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, ओळी येतात, आणि वाचन चालू असताना डेटाचं पान भरून दुभंगलं तर एखादी ओळ दोनदा येते किंवा गळते. विक्रीचा आकडा चुकतो आणि कुठलीही एरर येत नाही. हे मला टाइमआउटपेक्षा जास्त घातक वाटतं.

रबाळे_नाका

नोलॉकबद्दल शंभर टक्के सहमत. पण मी थेट म्हणालो, 'डायरेक्टक्वेरी' म्हणालो नाही. डायरेक्टक्वेरीत पानावरचा प्रत्येक चार्ट आपली क्वेरी सोडतो. १२ चार्ट आणि पाहणारे १० जण म्हटलं की एका फेरीत १२० क्वेऱ्या, वर स्लायसर (पानावरचा फिल्टर) हलवला की पुन्हा. ते २००८ च्या मशीनवर नकोच. इम्पोर्ट मोड घ्या, त्यात डेटा रिफ्रेशच्या वेळीच ओढला जातो. प्रो लायसन्सवर दिवसाला ८ रिफ्रेश ठरवता येतात, पण सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आत एक आणि जेवणाच्या सुट्टीत एक पुरतात. शिवाय 'रीड कमिटेड स्नॅपशॉट' चालू केलं की वाचणाऱ्याला ओळीची आधीची आवृत्ती मिळते, म्हणून वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत.

लॉक_किल्ली

स्नॅपशॉट चालू करताना त्या डेटाबेसवर दुसरं एकही कनेक्शन नको, म्हणजे सगळ्यांना बाहेर काढावं लागतं. नंतर ओळींच्या जुन्या आवृत्त्या टेम्पडीबी या सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये साठतात, आणि जुन्या सर्व्हरवर टेम्पडीबी बहुधा सी ड्राइव्हवरच पडलेला असतो. तो भरला की रिपोर्टबरोबर बिलिंगही बोंबलतं. एएमसीवाल्या (वार्षिक देखभालीचा करार असलेल्या) व्हेंडरला न विचारता हे करू नका.

गाळा_मसाला

दोघेही एसक्यूएल सर्व्हर धरून बोलताय. वाशीच्या मार्केट यार्डात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालणारे हिशोब अजून आहेत, तिथे सर्व्हर नाहीच. एक शेअर्ड फोल्डर आणि त्यात डीबीएफ फायली (एक फाइल म्हणजे एक टेबल). त्यामुळे काही गोष्टी मुळातच वेगळ्या होतात.

फॉक्सप्रोचा ओएलई डीबी प्रोव्हायडर, म्हणजे डेटा वाचून देणारा ड्रायव्हर, फक्त ३२ बिटचा. ६४ बिट पॉवर बीआयला किंवा त्याच्या गेटवेला (ऑफिसातला डेटा क्लाउडला पोचवणारा प्रोग्रॅम) तो दिसतच नाही, म्हणून मध्ये ३२ बिटची एखादी स्क्रिप्ट घालून सीएसव्ही काढणं आलंच. रिकामी तारीख ३० डिसेंबर १८९९ होऊन येते, ती तिथेच गाळा. डीबीएफ स्वतः वाचणार असाल तर प्रत्येक रेकॉर्डचा पहिला बाइट बघा: तिथे तारा (*) असेल तर ते रेकॉर्ड डिलीट केलेलं आहे, फक्त पॅक व्हायचं, म्हणजे फाइलमधून कायमचं निघायचं, राहिलंय. हे न पाहिल्याने रद्द केलेल्या पट्ट्याही (शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या पावत्या) बेरजेत येतात. शेतकऱ्यांची नावं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर युनिकोडमध्ये निव्वळ कचरा दिसतो, त्यासाठी त्या फाँटचा कन्व्हर्टर लागतो.

सर्वांत मोठी अडचण: पॅक आणि रीइंडेक्सला (इंडेक्स नव्याने बांधायला) फाइल एक्स्क्लुझिव्ह लागते, म्हणजे दुसऱ्या कुणी उघडलेली चालत नाही. रिपोर्टने ती उघडी धरली तर 'फाइल अॅक्सेस इज डिनाइड'. दोन-तीनदा असं झालं की ऑपरेटर रीइंडेक्सचा नाद सोडतो. पुढे कधी सीडीएक्स ही इंडेक्सची फाइल बिघडली की टेबलात असलेली पार्टी शोधून सापडत नाही.

'थेट जोडू नका, रात्री कॉपी घ्या' हा नेहमीचा सल्लाही इथे डोळे झाकून देऊ नका. भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर उतरतात आणि उजाडायच्या आत सौदे सुरू असतात. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन पट्ट्या फाटतात त्या त्याच सुमारास. कॉपी दुपारी, गाळा थंडावल्यावर, सगळ्यांना सॉफ्टवेअर बंद करायला लावून घ्या. डीबीएफ, एफपीटी (लांब मजकुराच्या मेमो फील्डची फाइल) आणि सीडीएक्स तिन्ही एकदम. एफपीटी मागेपुढे झाली तर मेमो फील्ड भलतंच उघडतं.

पट्टी_पावती

लॉक आणि ड्रायव्हर कसेही सुटतील. मला जास्त चिंता अर्थाची वाटते. टेबलाचं नाव 'टीआरएन०१', कॉलम 'एफएलजी', त्यात कधी 'सी', कधी रिकामं. 'सी' म्हणजे कॅन्सल की क्रेडिट, हे फक्त प्रोग्रॅमच्या कोडला माहीत. रद्द बिलाची रक्कम टेबलात तशीच राहते, क्रेडिट नोट अधिक चिन्हाने बसलेली असते, क्लोजिंग स्टॉक तर साठवलेलाच नसतो, स्क्रीन उघडताना मोजला जातो. त्यात दर १ एप्रिलला नवा डेटाबेस. १ जुलै २०१७ च्या आधी व्हॅटचे कॉलम, नंतर जीएसटीचे. पाच वर्षांचा ट्रेंड एका क्वेरीत येईल असं मालकाला सांगू नका.

जोडणी थेट करा किंवा कॉपीवर करा, आधी एक बंद झालेला महिना घ्या आणि व्ह्यूची बेरीज भरलेल्या जीएसटीआर-१ शी रुपयापर्यंत जुळवा. जुळत नाही तोवर रिपोर्ट कुणालाही दाखवू नका.

रबाळे_नाका

पटलं. फायलींवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला थेट जोडणी नको, हे मान्य. एसक्यूएलच्या बाबतीत मात्र मी पूर्ण माघार घेत नाही. आजचा डिस्पॅच आजच दिसायला हवा, कालच्या कॉपीचा तिथे उपयोग नाही.

लॉक_किल्ली

मग तेवढाच एक व्ह्यू थेट ठेवा, बाकी सगळं बॅकअप रिस्टोअर करून केलेल्या कॉपीवर. कॉपी करताना तीन गोष्टी. रिस्टोअर केलं की कॉपीतले तुमचे व्ह्यू आणि परवानग्या पुसल्या जातात, म्हणून त्यांची स्क्रिप्ट रिस्टोअरच्याच जॉबमध्ये शेवटी चालवा. दुसऱ्या मशीनवर डेटाबेसमधला युझर आणि सर्व्हरवरचं लॉगिन यांची गाठ तुटते, ती 'ऑल्टर युझर'ने पुन्हा बांधावी लागते. आणि एसक्यूएल सर्व्हरची फुकटची एक्स्प्रेस आवृत्ती (२०२२ किंवा आधीची) घेणार असाल तर डेटाबेस १० जीबीच्या आत हवा. तिच्यात ठरल्या वेळी जॉब चालवणारा एजंट नसतो, म्हणून जॉब विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून 'एसक्यूएलसीएमडी' या कमांडने लावा.

त्या थेट व्ह्यूत तारखेची अट आतच घाला, रिपोर्टवर सोडू नका. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स आहे का ते आधी बघा आणि कॉलमभोवती 'कन्व्हर्ट' गुंडाळू नका. 'आज ००:०० पासून पुढे, उद्या ००:०० च्या आधी' असं लिहा. नाहीतर व्ह्यू इंडेक्स सोडून अख्खं टेबल चाळू शकतो, आणि ११ तारखेच्या आधी जीएसटीआर-१ ची घाई असते तेव्हा बिलिंगवाल्याला ते सगळ्यात आधी जाणवतं.